होडीची पाठ

नकाशात कोकणची किनारपट्टी पाहिली, तर ती जागोजागी दातरलेली दिसते. सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी रुंदावतात आणि भरतीचे पाणी त्यांच्या पात्रांतून दूरवर आत शिरते. वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन, कर्ली, तेरेखोल अशी या खाड्यांची नावे आहेत. प्रवाशाच्या डोळ्यांना त्या रम्य वाटतात. पण काठावर राहणाऱ्या माणसाला खाडी म्हणजे आधी अंतर वाटते. पलीकडच्या तीरावरचे देऊळ दिसते, बाजाराची गलबल ऐकू येते, शाळेची कौलेही मोजता येतात. परंतु पुलावरून जायचे म्हटले, की कित्येक किलोमीटरांचा वळसा पडतो. अशा ठिकाणी होडी ही सहलीची वस्तू नसते. ती गावाचा रस्ता असते.

पूर्वी हा रस्ता लाकडाचा होता. आंब्याचे जाड खोड कोरून केलेल्या डोणी, काथ्याने फळ्या शिवून बांधलेल्या रापणीच्या होड्या, सागाची मोठी गलबते अशी नाना रूपांची नौकासृष्टी या किनाऱ्यावर नांदत होती. लाकडाच्या होडीला माणसासारखीच जपणूक लागे. ती वाळूवर ओढायची, तिच्या तळाला चिकटलेली कालवे खरवडायची, फटी बुजवायच्या आणि तेलाचा हात द्यायचा, हे काम वर्षानुवर्षे चाले. विजयदुर्गच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराच्या काळातील एका गोदीचे अवशेष आजही दिसतात. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यावे आणि ओहोटीने ते कोरडे पडले म्हणजे त्याची डागडुजी करावी, अशी ती सोय होती. ज्यांनी ती गोदी बांधली, त्यांना दुरुस्तीची लाज वाटत नव्हती. दुरुस्ती हा नौकेच्या आयुष्याचाच एक भाग आहे, हे ते जाणून होते.

पुढे काळ बदलला. वितळलेल्या काचेपासून केसाहूनही बारीक धागे काढण्याचा धंदा १९३०च्या दशकात अमेरिकेत भरभराटीस आला आणि १९४०च्या दशकात हे धागे रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून त्यांच्या होड्या घडवण्यास सुरुवात झाली. यालाच फायबरग्लास म्हणतात. काच ठिसूळ आणि रेझिन तेवढे बळकट नव्हे. पण दोघांची संगत जमली, की हलका, कडक आणि पाण्याला दाद न देणारा पदार्थ तयार होतो. भारतातही या पदार्थाचा उपयोग होऊ लागला. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तर रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर आधी टिकाऊपणाची प्रक्रिया करून आणि त्यावर फायबरग्लासचे आवरण चढवून लहान होड्या तयार केल्या. कोकणच्या खाड्यांतही हळूहळू लाकडाच्या जागी फायबर आले. नवी होडी घेणारा माणूस मोठ्या समाधानाने म्हणू लागला, “काचेला कधी वाळवी लागते का? ही होडी जन्मभर पुरेल.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण पूर्ण खरेही नव्हते. काच कुजत नाही हे खरे. परंतु फायबरची प्रत्येक होडी नुसत्या काचेची नसते. होडीच्या मागच्या टोकाला एक उभा, रुंद फळा असतो. कारागीर त्याला ट्रान्सम म्हणतात. होडीचे इंजिन याच फळ्यावर टांगलेले असते. नुसत्या फायबरचा पातळ पत्रा तेथे लावला, तर तो इंजिनाच्या ओझ्याने लवेल. म्हणून फायबरच्या दोन पत्र्यांच्या मध्ये लाकडाचा, बहुधा प्लायवूडचा, जाड गाभा घालतात. एकाच पदार्थाच्या फळीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा आठपट होतो; हा गणिताचा नियमच येथे उपयोगी पडतो. इंजिनाचे वजन चाळीस-पन्नास किलो असते. शिवाय त्याचा पंखा पाण्याखाली असतो आणि त्याची पकड फळ्याच्या वरच्या कडेवर असते. पंखा खालून होडीला पुढे रेटू लागला, की इंजिनाचे वरचे डोके मागे ओढ घेते. लाटेवर होडी आदळली, की ही ओढ कितीतरी वाढते. हा सारा ताण तो मागचा फळा निमूटपणे सोसतो. माणसाच्या शरीरात जे काम पाठीचे, तेच होडीत या फळ्याचे.

अशाच एका खाडीवर फायबरची एक जुनी होडी वीस वर्षांहून अधिक काळ ये-जा करीत होती. लांबी २० फूट, रंग पांढरा आणि काठाला निळा पट्टा. तिचे मालक म्हातारे झाले होते. गावातील मोठी माणसे त्यांना ‘तांडेल’ म्हणत आणि मुले ‘तांडेल आजोबा’ म्हणत. इंजिन आता त्यांचा मुलगा चालवी. पण होडी सुटण्यापूर्वी एकदा तिच्याभोवती फेरी मारून हात फिरवण्याचा परिपाठ म्हाताऱ्यांनी सोडला नव्हता. सकाळच्या पहिल्या फेरीला दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि शाळेची चौदा-पंधरा मुले असत. त्या मुलांत तांडेलांची नातही होती.

एप्रिल संपत आला होता. नात सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि बाबांबरोबर होडीच्या मागच्या बाजूला बसून पैलतीरावरून परत येत होती. बाबांनी वेग वाढवला, तशी ती एकाएकी हसून म्हणाली, “आजोबा, पाहा ना! आपले इंजिन नमस्कार करते आहे.”

म्हातारे हसले नाहीत. ते मागे येऊन बसले आणि इंजिनाकडे पाहू लागले. वेग वाढला, की इंजिनाचे डोके अंगठाभर मागे झुके. वेग कमी झाला, की ते पुन्हा सरळ होई. फळ्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत रंगाला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. होडी किनाऱ्याला लागताच त्यांनी इंजिन उतरवण्यास सांगितले आणि लहानशी लाकडी हातोडी हातात घेतली.

होडीच्या कुशीवर हातोडी टेकली, तेव्हा ‘ठण्’ असा आवाज आला. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यावरही आवाज कडकच होता. पण मध्यभागी, जेथे इंजिनाचे बोल्ट आरपार गेले होते, तेथे आवाज बदलला. पिकलेल्या फणसावर थाप मारली म्हणजे जसा ‘बद्द’ असा आवाज निघतो, तसा तो होता. खाली पाणी सोडण्याच्या भोकापर्यंत तोच बद्द आवाज येत राहिला. नात कान देऊन ऐकत होती. डोळे मिटूनही तिला आता चांगला भाग कोठे संपतो आणि वाईट कोठे सुरू होतो, हे सांगता येत होते.

मग तांडेलांनी गिरमिटाने आतल्या बाजूने लहानशी भोके पाडली. उजव्या कोपऱ्यातून निघालेला लाकडाचा भुसा कोरडा आणि पिवळसर होता. मधल्या भोकातून मात्र तंबाखूसारखा काळपट, ओला चोथा आला. आणि सर्वांत खालच्या भोकातून चहाच्या रंगाचे पाणी बराच वेळ ठिबकत राहिले. बाहेरून पांढराशुभ्र दिसणारा तो फळा आतून कुजला होता.

काचेच्या दोन भिंतींआड बंद असलेल्या लाकडापर्यंत हे पाणी पोहोचले कसे? त्याला मोठे दार लागत नाही. इंजिन बसवताना पाडलेली भोके, पाणी सोडण्याचे बूच, फळ्याच्या वरच्या कडेची एखादी चीर एवढी वाट त्याला पुरते. एकदा आत शिरलेल्या पाण्याला वाळून बाहेर पडण्यास मात्र वाट मिळत नाही. ओल, थोडी हवा आणि उबारा मिळाला, की लाकडावर बुरशी वाढू लागते आणि लाकडाचे बळ खाऊ लागते. यात आणखी एक नवलाची गोष्ट आहे. या बुरशीला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक मानवते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जहाजे बांधणारे लोक लाकडी बरगड्यांच्या मधल्या पोकळीत मीठ भरून ठेवीत, ते याच कारणासाठी. ज्या समुद्राची होडीला भीती, त्याच्यापेक्षा अंगणात उघड्यावर पडलेल्या होडीत साचणारा पाऊस कधीकधी अधिक घातक ठरतो.

मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी तो म्हणाला, “आबा, फळा नवा करायचा म्हणजे महिनाभर होडी बंद. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे जाड पत्रे लावू आणि बोल्ट कसून आवळू. वरून लांबी भरून रंग दिला, की झाले. आत काय आहे, कोणाला दिसणार आहे?”

“कोणाला दिसणार नाही, तीच तर भीती,” तांडेल म्हणाले. “दिसणारा दोष असला, तर माणूस जपून पाय टाकतो. न दिसणाऱ्या दोषावर तो निर्धास्त बसतो. खाडीच्या मध्यावर, ओहोटीच्या ओढीत, हा फळा इंजिनासकट सुटला, तर होडीची मागची बाजू उघडी पडेल. त्या वेळी होडीत कोण असेल, ते तूच सांग.”

मुलाने उत्तर दिले नाही. त्याची स्वतःची मुलगी शेजारीच उभी होती.

तरीही प्रश्न सोपा नव्हता. घरावरची कौले जुनी झाली होती. ती बदलण्यासाठी दोन वर्षे पै-पैसा बाजूला टाकलेला होता. होडी बंद राहिली, की रोजची मिळकतही बंद होणार होती. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडणार आणि त्याच्या आगेमागे पाऊस सुरू होणार. रेझिनचे काम तर ओलाव्याला फार भिते. म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे होते. त्या रात्री घरात पुष्कळ बोलणे झाले. सकाळी तांडेलांनी आपला निर्णय सांगितला : कौलांचे पैसे होडीला लावायचे, घरावर या पावसाळ्यात ताडपत्री टाकायची. ज्यांना पलीकडे जाणे भागच आहे, त्यांच्यासाठी मुलाने धाकटी लाकडी होडी वल्ह्यांनी चालवायची; पण एका वेळी चारांहून अधिक माणसे घ्यायची नाहीत.

होडी माडांच्या सावलीत ओढून घेण्यात आली आणि तिच्यावर ताडपत्रीचा मांडव उभा राहिला. गावातील सुतार मदतीला आला. पहिले काम फोडण्याचे होते. पण तेही मन मानेल तसे करून चालत नव्हते. फळ्याचा बाहेरचा पत्रा शाबूत ठेवायचा, कारण होडीचा मूळ आकार त्याच्याच आधाराने टिकून होता. म्हणून आतल्या बाजूचा पत्रा कडेने दोन इंच सोडून कापण्यात आला. कापताना काचेची बारीक धूळ उडते. ती अंगाला लागली, की खाज सुटते आणि श्वासाबरोबर आत गेली, तर फुप्फुसांना अपाय होतो. यासाठी काम करणाऱ्यांनी तोंडाला मुखवटे बांधले, डोळ्यांवर चष्मे चढवले आणि मुलांना मांडवापासून दूर ठेवले.

आतला पत्रा निघाला, तेव्हा कुजलेल्या पानांसारखा दर्प पसरला. मधले लाकूड तर हातानेच ओरबाडून निघत होते. पण वरच्या कोपऱ्यांतील लाकूड अजून घट्ट होते. ते काढताना पटाशीला जोर लागला. “एवढे चांगले आहे, ते राहू द्यावे का?” असे सुताराने विचारले. तांडेलांनी मान हलवली. कुजक्या लाकडाला टेकलेल्या चांगल्या लाकडातही ओल आणि बुरशी शिरलेली असते. ते ठेवले, तर नव्या गाभ्यात जुना रोग पेरल्यासारखे होईल. तीन दिवस पटाशी चालली. फळ्याला येऊन मिळणाऱ्या तळाच्या दांड्यांतही भोके पाडून पाहण्यात आली. तेथला भुसा कोरडा निघाला, तेव्हा कोठे सर्वांचा जीव खाली पडला.

नंतर बाहेरचा पत्रा आतून गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढून टाकले आणि तो वाळत ठेवला. वाळला की नाही, हे ठरवण्याची तांडेलांची युक्ती साधी होती. संध्याकाळी प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून ते पत्र्यावर लावीत. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले, तर अजून ओल आहे असे समजायचे. पहिल्या दिवशी दव दिसले. चौथ्या दिवशीही थोडे दिसले. मुलगा अधीर होऊ लागला. पण वाळण्याच्या कामात माणसाच्या घाईचा काही उपयोग होत नाही. आठव्या दिवशी प्लॅस्टिक कोरडे निघाले.

या अवधीत सुताराने जाड पुठ्ठ्याचा नमुना बेतून १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे दोन तुकडे कापले होते. दुकानात स्वस्त प्लायवूडही मिळत होते. पण तांडेलांनी भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहूनच मरीन प्लाय घेतले. या प्लायवूडचे थर ज्या डिंकाने चिकटवलेले असतात, तो उकळत्या पाण्यातही सुटत नाही. रंगाखाली ते झाकले जाणार होते, म्हणून ते हलके घेऊन चालण्यासारखे नव्हते.

आता रेझिनचे काम सुरू झाले. हे रसायन डब्यात पातळ मधासारखे असते. त्यात कॅटलिस्ट नावाचे दुसरे रसायन शंभराला एक-दोन भाग या प्रमाणात मिसळले, की ते आपोआप तापू लागते आणि काही वेळाने दगडासारखे कडक होते. एवढ्या अवधीत काम उरकावे लागते. त्या दिवशी दुपारी पश्चिमेला ढग दिसू लागले. मुलाला वाटले, की कॅटलिस्ट थोडे अधिक घातले, तर काम लवकर होईल. त्याने अंदाजानेच ते ओतले. पाच मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला, रेझिनाचा गोळा झाला आणि त्यातून धूर निघाला. तांडेलांनी डबा उचलून दूर मोकळ्या वाळूत टाकला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आजचे काम राहिले. उद्या पहाटे, गारव्यात करू. आणि माप सिरिंजने घेऊ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मोजून-मापून काम झाले. लाकडाच्या कडा आणि पृष्ठे आधी रेझिनाने माखून काढली. चिरलेले काचधागे आणि सिलिकाची हलकी भुकटी घालून घट्ट केलेले रेझिन बाहेरच्या पत्र्याला आतून लावले. त्यावर पहिला तुकडा बसवला, मग दुसरा. आणि सुताराचे शिकंजे सारख्या दाबाने आवळले. कडेने थोडे रेझिन बाहेर आले, तेव्हा सुतार समाधानाने हसला. रेझिन बाहेर आले, याचा अर्थ आत पोकळी राहिली नव्हती.

त्यानंतर काचेच्या मॅटचे थर चढू लागले. जुन्या पत्र्याची कडा आधी घासून लांब उतार करण्यात आला होता. जाडी एक मिलिमीटर असेल, तर उतार बारा मिलिमीटरांचा. सांधा जितका लांब उताराचा, तितकी जुन्याची आणि नव्याची मिठी घट्ट बसते. कोपऱ्यांतही काटकोन ठेवला नाही. तेथे घट्ट रेझिनाची गोलाई दिली, कारण काचेचा कापडी थर तीक्ष्ण कोपऱ्यात नीट बसत नाही आणि मागे हवा राहते. पहिला थर अरुंद, त्यावरचा रुंद, त्याहून वरचा आणखी रुंद असे थर देत गेले. आणि प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढण्यात आले.

काम निम्म्यावर आले असताना एका रात्री वळिवाचा पाऊस कोसळला. वाऱ्याने ताडपत्रीची एक बाजू उडू लागली. घरातील सर्व माणसे उठून धावली आणि पहाटेपर्यंत दोर धरून उभी राहिली. होडी वाचली, पण हवेत ओल आली होती. मुलगा दिवस मोजू लागला. तांडेलांनी पुन्हा प्लॅस्टिकचा तुकडा लावला, पुन्हा दव पाहिले आणि तीन दिवस काम थांबवले. शाळा उघडण्याच्या दिवशी होडी तयार नसली, तर मुले धाकट्या होडीने चार-चार अशी जातील, थोडी उशिरा पोहोचतील. पण ओल्यावर थर चढवायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते. चौथ्या दिवशी ऊन पडले आणि काम पुढे सरकले.

शेवटी इंजिनाच्या बोल्टांची भोके राहिली. रोगाची वाट याच भोकांतून सुरू झाली होती. म्हणून तांडेलांनी ती मुद्दाम बोल्टांहून बरीच मोठी पाडून घेतली, त्यांत एपॉक्सी भरले आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टांच्या मापाची भोके पुन्हा पाडली. आता बोल्टाभोवती एपॉक्सीचे कडे होते. पाणी बोल्टालगत शिरले, तरी त्याला लाकडाचे दर्शन होणार नव्हते. या कामात एक पूर्ण दिवस गेला. वायसर आणि चाकी बसल्यावर ते कोणाला कधीही दिसणार नव्हते. पण नातीने ते पाहिले होते आणि ते तसे का केले, हेही तिने विचारून घेतले होते.

रंग देऊन झाल्यावर होडी पाण्यात लोटली. तरीही तिच्यात उतारू बसले नाहीत. जाड दोराने ती धक्क्याच्या खांबाला बांधली आणि मुलाने इंजिन पूर्ण वेगात सोडले. दोर ताणला, पाणी मागे उसळले. फळ्याशेजारी एक काठी उभी धरून नात त्यावरच्या खुणेकडे डोळे लावून बसली होती. एप्रिलमध्ये अंगठाभर मागे झुकणारे इंजिनाचे डोके आता काठीवरच्या खुणेपासून हललेच नाही. त्यानंतर तांडेल, त्यांचा मुलगा, सुतार आणि गावातील आणखी चारजण तरंगजाकिटे घालून दोन वेळा पलीकडे जाऊन आले. मग म्हाताऱ्यांनी पुन्हा आपली हातोडी काढली आणि फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिले. सगळीकडे एकच आवाज आला.

शाळेच्या पहिल्या दिवशी पावसाची भुरभुर होती. मुले नेहमीसारखी धावत आली, जागेसाठी भांडली, एकमेकांच्या छत्र्यांतले पाणी एकमेकांवर उडवीत पैलतीरी उतरली आणि शाळेच्या घंटेपूर्वी वर्गात पोहोचली. होडीला रंग नवा आहे, एवढेच त्यांतील बहुतेकांच्या ध्यानात आले. तांडेलांच्या घरावर त्या पावसाळ्यात ताडपत्री फडफडत होती आणि स्वयंपाकघरात दोन ठिकाणी गळतीखाली पातेली ठेवलेली होती. त्याबद्दल घरातील कोणी कुरकुर केली नाही.

चांगल्या दुरुस्तीचा गाजावाजा होत नाही, याचे कारण तिचे फळ डोळ्यांना दिसत नाही. संकट आले, की त्याची बातमी होते. संकट येऊ दिले नाही, याची बातमी होत नाही. वर्षभर होडी गेली आणि आली. मुले बसली आणि उतरली. काहीही घडले नाही. काही न घडणे, हेच त्या सहा आठवड्यांच्या श्रमांचे फळ होते. पूल, धरण, विहिरीचा काठ, शाळेचे छप्पर या सर्वांच्या पोटात असे न दिसणारे काम दडलेले असते, आणि ते कोणीतरी मन लावून केलेले असते, म्हणूनच लोकांना त्याची आठवण होत नाही.

तांडेलांच्या होडीचे बोल्ट आता दर वर्षी पावसाळ्यापूर्वी काढून पाहतात आणि नवे सीलंट लावून पुन्हा बसवतात. पाऊस असेल, त्या रात्री होडीवर ताडपत्री असते आणि बूच काढून ठेवलेले असते, म्हणजे गोडे पाणी साचत नाही. आणि दर महिन्याला फळ्यावर हातोडी ठोकून आवाज ऐकण्याचे काम नातीकडे आले आहे. म्हाताऱ्यांचे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत; तिचे मात्र तयार झाले आहेत.